घरातल्याच कापडातून बाळाची गोधडी: माप, थर, शिलाई

रानजाई

बाळासाठी गोधडी शिवायची आहे आणि बारसं आठ दिवसांवर आलंय. घरात आहे त्यातच भागवायचं आहे. हाताशी काय आहे ते आधी लिहिते, म्हणजे सांगणाऱ्याला सोपं जाईल. एक पाचवारी सुती साडी, धुऊन धुऊन मऊ झालेली, साध्या काठांची. एकेरी पलंगाची एक जाडसर सुती चादर. तीन सुती कुर्ते, दोन पुरुषी शर्ट, एक टर्किश टॉवेल, एक जॉर्जेटची साडी (रंग फार सुरेख आहे) आणि मीटरभर नवं कोरं लाल हातमागाचं कापड. पायमशीन आहे, सरळ टीप नीट मारते.

माप किती घ्यावं? आत टॉवेल किंवा कापूस घालावा का? हाताने शिवावी की मशीनवर? कडेला गोट लावायला वेगळं कापड लागेल का? आणि यातलं काय वापरू नये, तेही सांगा.

---

धावदोरा

आत काहीही भरू नका. भरलेली ती दुलई. गोधडीला ऊब येते ती कापडाच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे, आणि मऊ झालेल्या सुती साडीचे थर हे काम उत्तम करतात. कापूस घातला तर धुताना तो गोळा होतो. टर्किश टॉवेल आत घातला तर गोधडी जड होते, पाणी धरून ठेवते आणि दोन दिवस वाळत नाही. बाळाची गोधडी रोज भिजणार, रोज धुतली जाणार. त्यामुळे जाडी ठरवताना आधी वाळण्याचा विचार करायचा, थंडीचा नंतर. मुंबई-कोकणात वर-खाली धरून तीन थर पुरे. पुणे-नाशिककडच्या थंडीत चार. पाचाच्या वर जाऊ नका. थंडी वाढली तर दोन पातळ गोधड्या एकावर एक अंथरता येतात, पण एक जाड गोधडी पातळ करता येत नाही.

माप ३० × ३६ इंच धरा. अंथरायला, मांडीवर घ्यायला, गुंडाळायला, सगळ्याला चालतं. फक्त बाळाखाली घालायला हवी असेल तर २४ × ३० सुद्धा पुरते आणि पटकन वाळते.

आता साडीचा हिशेब. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब आणि ४४ इंच रुंद असते. पदराकडचे ३० इंच बाजूला ठेवा. दोन्ही काठ दोन-दोन इंच कापून काढा, कारण काठाची वीण घट्ट असते, ती मधल्या कापडाइतकी आटत नाही आणि धुतल्यावर कडेला झोळ येतो. उरलेल्या लांबीत ३४ × ४० इंचांचे पाच तुकडे बसतात. एक पाठीला, दोन आतल्या थरांना, आणि तरी दोन उरतात. त्यातून दुसरं साधं दुपटं होईल.

तुकडे कापण्याआधी साडी उजेडासमोर धरून पाहा. निऱ्यांची खालची कड आणि मागे बसून झिजलेला भाग जाळीसारखा दिसतो. दोन्ही अंगठ्यांनी कापड बाहेर ताणा. 'चर्र' आवाज आला किंवा धागे सरकले तर तो भाग आतल्या थरातसुद्धा घालू नका. आतलं कापड फाटलं की ते गोळा होऊन एका कोपऱ्यात बसतं आणि गोधडी उसवल्याशिवाय दुरुस्त होत नाही. नुसतं विटलेलं, पण घट्ट असलेलं कापड आत खुशाल घाला.

जॉर्जेट नको. रंग कितीही सुंदर असला तरी ते घाम शोषत नाही, शिवताना सुळसुळ सरकतं आणि इस्त्री थोडी जास्त तापली की आखडतं. शर्टांची मात्र परीक्षा घ्या, कारण बऱ्याच शर्टांत टेरिकॉट असतं. आतल्या शिवणीतून चार धागे काढा, चिमट्यात धरून पेटवा. कागद जळल्यासारखा वास आणि बोटाने चुरणारी राख म्हणजे सुती. वितळून टणक मणी झाला तर कृत्रिम. थोडी राख आणि थोडा मणी म्हणजे मिश्र. मिश्र कापड वरच्या बाजूला एखाद्या पट्टीपुरतं चालेल, बाळाच्या अंगाला लागणाऱ्या बाजूला नको.

लाल कोरं कापड हे या यादीतलं सगळ्यात धोक्याचं. एक तर ते आटणार. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के सहज आटतं, म्हणजे ३६ इंचांत एक ते पावणेदोन इंच. साडी आटून आटून थांबलेली आहे. दोन्ही एकत्र शिवून मग धुतलं तर लाल पट्ट्या आखडतील आणि शेजारच्या कापडाला चुण्या पडतील. म्हणून ते आधी कोमट पाण्यात तासभर भिजवा, खळ काढा, धुवा, वाळवा, आणि हे दोनदा करा. मग ओला पांढरा रुमाल त्यावर दाबून घासा. रुमालाला लाल छटा आली तर ते या गोधडीत नको. मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होईल या भरवशावर राहू नका. एकदा लाल रंग साडीच्या पांढऱ्या थरात उतरला की जात नाही.

---

उरेबपट्टी

वरच्या उत्तरातल्या मापांवरच पुढची शिलाई सांगते. आठ दिवस आहेत आणि मशीन आहे, तर चौकोनांच्या मागे लागू नका, पट्ट्या घ्या. ३० × ३६ ला सहा इंची ३० चौकोन लागतात आणि ते जोडायला २९ शिवणी. पट्ट्या सहाच लागतात, शिवणी पाच. शिवाय चौकोनांत चूक साठत जाते. माया (शिवणीत जाणारी कापडाची कड) प्रत्येक कडेला एक सूत, म्हणजे अष्टमांश इंच, जास्त गेली तर प्रत्येक शिवणीत पाव इंच जातं आणि पाच चौकोनांची, म्हणजे चार शिवणींची, ओळ एक इंचाने कमी भरते. वरची ओळ बरोबर आणि खालची कमी असं झालं की कोपरे जुळत नाहीत.

पट्टी ६½ इंच रुंद, ३१ इंच लांब. अशा सहा. पाव इंच माया धरून जोडल्यावर ३६½ × ३१ चा वरचा थर तयार होतो. कुर्त्याच्या पाठीतून ३१ इंच उभी पट्टी निघते. शर्टातून निघणार नाही, तिथे १६-१६ इंचांचे दोन तुकडे जोडून एक पट्टी करा. सगळ्या पट्ट्या कापडाच्या उभ्या धाग्यात कापा. एक उभी, एक आडवी असं झालं तर आडवी ताणली जाते आणि शेवटी वरचा थर एका बाजूला लांब निघतो. सरळ धागा शोधायला कडेला छोटी खाच देऊन सुती कापड फाडलेलं उत्तम, फाडलेली कड धाग्यातच जाते. मात्र फाडलेल्या कडेला दशा निघतात, त्या कापून मगच माप घ्या.

सुई १४ नंबर, इंचाला दहा टाके. पहिली शिवण वरून खाली मारली तर दुसरी खालून वर मारा, तिसरी परत वरून. सगळ्या एकाच दिशेने मारल्या की वरचा थर धनुष्यासारखा वाकतो. शिवणीची माया उलगडून न दाबता एका बाजूला, गडद कापडाकडे झोपवून इस्त्री करा. उलगडलेल्या शिवणीत सगळा भार दोऱ्यावर येतो, आणि गडद माया फिक्या कापडाखालून दिसते ते वेगळंच.

आता थर लावणं. गोधडी बिघडते ती इथे. जमिनीवर चटई नको, स्वच्छ फरशी हवी. पाठीचं कापड ३४ × ४० चं, उलटी बाजू वर करून पसरा आणि चारही कडा कागदी चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. ताठ हवं, ताणलेलं नको. ताणून चिकटवलं तर काढल्यावर ते आखडेल आणि वरच्या थरांना फुगे येतील. त्यावर आतले दोन थर ३१ × ३७ चे, एकेक करून, मधून बाहेर हात फिरवत. सगळ्यात वर पट्ट्यांचा थर, सुलटी बाजू वर. मग मध्यापासून बाहेर, दर चार इंचांवर सेफ्टी पिना. पिना कमी असतील तर कच्च्या दोऱ्याने दोन-दोन इंचांचे टाके घाला, मधून चार दिशांना. कितीही घाई असली तरी ही पायरी गाळू नका. मशीनचे दाते खालचं कापड मागे ओढत असतात आणि वरचा पाय वरचं कापड पुढे ढकलत असतो. थर धरून ठेवलेले नसतील तर दर टिपेला वरचा थर थोडा थोडा सरकतो आणि शेवटी टोकाला दोन बोटांची चुणी बसते.

पाठ चिकटवताना उलटी बाजू वर आहे ना, हे दोनदा बघा. सुती साडीत उलट-सुलट पटकन कळत नाही.

गोधडीच्या टिपा मारायला सुई १६ नंबर, टाका मोठा करा, इंचाला सात-आठ. जुन्या पायमशीनला पायाच्या दांड्यावर, अगदी वर, एक स्क्रू असतो. तो दोन फेरे सैल केला की पायाचा दाब कमी होतो आणि चुण्या निम्म्याने घटतात. पहिली टीप मधल्या शिवणीला लागून. मग तिच्या उजवीकडच्या सगळ्या, मग गोधडी फिरवून डावीकडच्या. दोन टिपांत तीन इंच अंतर चालतं, पण आत जुनी साडी आहे तर दोन इंच ठेवा, जुन्या कापडाला जितका जास्त आधार तितकं बरं. शिवताना मागून ओढू नका. ओढलं की सुई वाकते, पत्र्यावर आपटते आणि तुटते. खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं यायला लागलं तर बॉबिनशी खटपट न करता वरचा दोरा काढून पाय वर उचलून परत ओवा. पाय खाली असताना ओवलेला दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसत नाही.

---

रानजाई

सविस्तर लिहिल्याबद्दल दोघींचे आभार. शर्टांपैकी एक सुती निघाला, एक मिश्र. लाल कापड दोनदा धुतलं, रुमालाला अजून गुलाबी छटा येते, म्हणून बाजूला ठेवलं.

एक विचारायचं आहे. उशीच्या अभ्र्यासारखं आतून शिवून उलटं केलं तर गोटाचं काम वाचेल ना? आणि बाळाच्या अंगाखालची बाजू हाताने शिवलेली मऊ असते म्हणतात, ते कितपत खरं?

---

उरेबपट्टी

उलटं करायची पद्धत दोन थरांच्या दुपट्याला उत्तम. सुलट्या बाजू समोरासमोर, कडेने टीप, एका बाजूला सहा इंच मोकळे, कोपरे तिरके छाटायचे, उलटवायचं, इस्त्री, मग कडेपासून एक सूत आत टीप. अर्ध्या दिवसात होतं. चार थरांना करू नका. आतले थर कडेच्या शिवणीत धरले तर चार थरांची माया कडेला आत दुमडून टणक वळ तयार होतो, आणि धरले नाहीत तर उलटवताना ते गोळा होतात.

गोटाला वेगळं कापड नकोच आहे. पाठीचं कापड म्हणूनच मोठं घेतलं. सगळ्या टिपा झाल्यावर वरचे तीन थर ३० × ३६ ला कापा, पाठीचं कापड ३३ × ३९ ला. कात्री चालवताना पाठ बाजूला दुमडून ठेवा, नाहीतर एका कापात तीही जाते. चारी बाजूंना दीड इंच पाठ बाहेर राहील. ती पाऊण इंच दुमडून गोधडीच्या कडेला टेकवा, परत पाऊण इंच वर दुमडा, आणि आतल्या कडेवर टीप मारा. झाला गोट.

---

काठपदर

हाताच्या शिलाईचं विचारलंत म्हणून लिहिते. मऊपणाचं म्हणणं खरं आहे आणि त्याला कारण आहे. मशीनच्या टिपेत दोन दोरे एकमेकांत अडकून घट्ट रेघ तयार होते. धावदोऱ्यात एकच दोरा वर-खाली जातो, कापड हलायला मोकळं राहतं. पण वेळेचा हिशेब करून मगच ठरवा. ३० × ३६ ला एक-एक इंचावर आडवे धावदोरे घातले तर ३६ ओळी, प्रत्येकी ३० इंच. एकूण सत्तावीस मीटरच्या वर शिलाई. सराईत हाताला एका ओळीला आठ-दहा मिनिटं, म्हणजे पाच-सहा तास. अर्ध्या इंचावर घातले तर दुप्पट. आठ दिवसांत रोज तासभर बसलात तर एक इंची सहज होते. मधला मार्गही आहे: पट्ट्या मशीनवर जोडायच्या, थर हाताने शिवायचे आणि गोट परत मशीनवर.

जाड चादर हाताच्या शिलाईत घेऊ नका. तिची वीण इतकी दाट असते की चार थरांतून सुई काढताना बोटं सोलतात. ती मशीनच्या गोधडीला ठेवा. साडी आणि कुर्ते यांतून सुई लोण्यासारखी जाते.

दोरा सुती घ्या. पॉलिएस्टरचा दोरा जुन्या मऊ कापडापेक्षा मजबूत असतो, ताण आला की दोरा टिकतो आणि कापड चिरतं. शिवणाचा सुती दोरा दुहेरी किंवा भरतकामाच्या सहा पदरांतले तीन पदर चालतात. हातभर दोरा घ्या, वीस-बावीस इंच. त्याहून लांब दोरा पीळ खाऊन गाठी धरतो. तरी अडकत असेल तर मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्या. सुईवर तीन-चार टाके भरून एकदम ओढा, आणि दर ओळीच्या शेवटी कापड तळहाताने सपाट करा. दोरा ओढून घट्ट केलात तर प्रत्येक ओळ अर्धा इंच आखडते आणि ३० ची गोधडी २९½ भरते.

कातरणं लहान-लहान असतील आणि पट्ट्या निघत नसतील, तर उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, हल्याळ-यल्लापूर-मुंडगोड भागातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायकांची कवंद, म्हणजे त्यांची गोधडी, शिवायची रीत बघा. आपली गोधडी बहुधा आधी वरचा थर जोडून मग थर लावून शिवतात. कवंदात ही दोन्ही कामं एकदमच होतात. पाठीला साडी पसरायची, एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, चिंधीची कड आत दुमडून ठेवायची आणि धावदोरा सगळ्या थरांतून कडेला समांतर घालत जायचं. पहिली चिंधी संपत आली की तिच्या कडेवर पुढची. असं गोल फिरत कडेकडून मध्याकडे यायचं, शेवटची चिंधी बरोबर मध्ये. वेगळी जोडणी लागत नाही, गोटही लागत नाही, कारण कड पहिल्या फेरीतच दुमडून शिवली जाते. चार कोपऱ्यांना चौकोन दुमडून केलेली त्रिकोणी 'फुलं' बसवतात. कोपरे मोकळे ठेवणं त्यांच्याकडे बरं समजत नाहीत. बाळासाठी करताना चिंध्या चार-पाच इंचांच्या घ्या, दोन इंची चिंध्यांत दुमडलेल्या कडाच कडा होतात आणि पाठीला टोचतं.

या रितीत एकच धोका. कडेकडून आत येताना पाठीचं कापड मध्यात साठत जातं. पाठीला आधीच मधून बाहेर कच्चे टाके घालून ठेवा, म्हणजे शेवटी मध्ये फुगा राहणार नाही.

---

गोकर्ण

शिलाईचं सगळं आलं आहे. बाळाच्या दृष्टीने चार गोष्टी जोडते, यांत तडजोड करू नका.

पहिली, डांबर गोळ्या. साडी कपाटात या गोळ्यांबरोबर ठेवलेली होती का ते विचारा. गोळ्यांत नॅफ्थलीन असू शकतं, त्याची वाफ कापडात मुरते. जी-६-पीडी नावाच्या विकराची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी नॅफ्थलीनने फुटतात, कावीळ वाढते. नवजात बाळात ही कमतरता बाहेरून दिसत नाही. धुऊन, उन्हात वाळवूनही वास येत असेल तर ते कापड दुसऱ्या कामाला लावा.

दुसरी, टाक्यांची लांबी. बाळाच्या बाजूला टाका पाच-सहा मिलिमीटरपेक्षा लांब नको. लांब किंवा सैल टाक्यात हाताचं किंवा पायाचं बोट अडकतं, दोरा आवळला जातो, रक्त अडतं आणि बाळ का रडतंय ते पटकन कळत नाही. दोऱ्याचं टोक थरांच्या मधून इंचभर नेऊन कापा. झालर, गोंडे, टिकल्या, आरसे, बटणं, जरीचा काठ, काहीही नको. शर्टाची बटणपट्टी कापूनच टाका.

तिसरी, पिना. लावताना मोजा, काढताना मोजा, आकडा कागदावर लिहा. सुई हरवली तर सापडेपर्यंत गोधडी बाळाकडे जाणार नाही. लोहचुंबक हळूहळू दोन्ही बाजूंनी फिरवला तर आतली सुई ओढली जाते.

चौथी, आत प्लास्टिक किंवा रबरी कापड शिवू नका. सुईच्या भोकांतून पाणी झिरपतंच आणि मधला थर वाळत नाही, कुबट होतो. रबरी शीट वेगळी ठेवा, गोधडीच्या खाली.

---

सातासमुद्रापार

गोधडी परदेशी पाठवायची असेल तर दोन मुद्दे. अमेरिकेतल्या पाळण्याची गादी साधारण २८ × ५२ इंचांची असते, म्हणून लोक त्या मापाची गोधडी शिवून देतात. तो खटाटोप नको. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची शिफारस अशी आहे की बाळाला पाठीवर झोपवावं आणि पहिल्या वर्षात झोपण्याच्या जागी सैल पांघरूण, गोधडी, उशी काही ठेवू नये, कारण तोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो. जागेपणी जमिनीवर खेळवायला, पोटावर ठेवायला, मांडीवर घ्यायला ३० × ३६ च पुरते. भारतातही तोंडापर्यंत ओढून पांघरायची सवय सोडलेलीच बरी.

दुसरं म्हणजे तिकडे कपडे गरम हवेच्या यंत्रात वाळवतात. उन्हात वाळवून आटायचं थांबलेलं कापडही त्यात आणखी आटू शकतं. शिवण्याआधी सगळे तुकडे कढत पाण्यात धुऊन घ्या.

---

रानजाई

पट्ट्या जोडून झाल्या, वरचा थर ३६½ च्या ऐवजी ३६ भरला, तो चालेल असं धरते. थर हाताने शिवायचं ठरवलं, एक इंची. गोटाच्या कोपऱ्याचं मात्र नीट कळलं नाही. चारही बाजू दोनदा दुमडल्या की कोपऱ्यात टणक गड्डा होतो, मशीन तिथे अडेल.

---

उरेबपट्टी

३६ चालेल, मात्र मग कापताना ३५½ धरा आणि पाठ ३८½. कडेला तिरकी गेलेली शिवण त्या अर्ध्या इंचात निघून जाते.

कोपरा असा. बाजू दुमडण्याआधी पाठीच्या कापडाचं टोक तिरकं आत घ्या, म्हणजे घडी वरच्या थराच्या कोपऱ्याला नेमकी टेकेल आणि टोक गोधडीवर पडेल. इस्त्रीने घडी दाबा. टोकाचा जो त्रिकोण गोधडीवर आला, तो घडीपासून पाव इंच ठेवून कापून टाका. गड्डा व्हायचा तो याच कापडाचा होतो. आता एक बाजू पाऊण-पाऊण इंच दोनदा दुमडा, मग दुसरी. कोपऱ्यात दोन्ही दुमडी तिरक्या रेघेत येऊन मिळतील, फोटोच्या चौकटीसारख्या. तिरकी रेघ मिळत नसेल तर पहिली घडी कोपऱ्याला टेकलेली नाही, ती उलगडून परत घ्या.

गोट शिवायला सुरुवात कोपऱ्यातून नको, एका बाजूच्या मध्यातून करा. कोपऱ्याला आल्यावर सुई कापडात खाली ठेवून, पाय उचलून, गोधडी फिरवा. तिथले तीन-चार टाके चाक हाताने फिरवून घाला. शेवटी सुरुवातीच्या टिपेवर इंचभर टीप चढवा आणि उलट-सुलट दोन टाके. तिरक्या रेघेचं तोंड मशीनने बंद होत नाही, ते बारीक लपत्या टाक्यांनी हाताने मिटवा, नाहीतर बाळाचं बोट तिथेच शिरतं.

कच्चे टाके गोट लागल्यावर काढा, आधी नको. मग एकदा साबण न लावता साध्या पाण्यातून काढून उन्हात उलटी वाळत घाला. खडूच्या खुणा जातात, थर एकमेकांवर बसतात, आणि कुठे टीप सुटली असेल तर ती याच धुण्यात दिसते.